लगाम आपल्या हाती



'मोटरखाना' हा शब्द वाचून आपल्याला एखादा कारखाना आठवेल. आम्हालाही पहिल्यांदा तसेच वाटले. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला राहायला आल्यावर कळले, की हा एक खेळ आहे. जिमखाना हा शब्द इंग्रजांनी भारतातूनच उचलला. पुढे गाड्यांच्या हौशी लोकांनी त्याचा मोटरखाना केला. मोकळ्या मैदानात बावटे रोवतात. त्यांच्यामधून नेमून दिलेल्या वाटेने, वळसे घेत, कधी गाडी उलटी नेत, कमीत कमी वेळात परत यायचे. एका वेळी एकच गाडी. एक फेरी मिनिटभराचीही नसते. वेगापेक्षा हातातल्या कसबाची ही परीक्षा.

आमची मुलगी सोळा वर्षांची. इथे एकवीस वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला प्रोबेशनरी परवान्याआधी १२० तास मोठ्यांच्या देखरेखीखाली गाडी चालवावी लागते. कामावरच्या एका सोबत्याने सुचवले, आमच्या क्लबच्या मोटरखान्यात या, मुलीचा हात बसेल. आम्ही हसून विषय टाळला. क्लब म्हटले की बड्यांचा कारभार, ही समजूत मनात घट्ट. जिमखाना म्हटले की मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरची हिंदू, पारशी, इस्लाम अशी नावे लावलेली मैदाने आठवतात. आमच्या वडीलधाऱ्यांनी ती कुंपणाबाहेरूनच पाहिली.

रविवारी घरी वंदना झाली की आम्ही बाबासाहेबांचे काहीतरी वाचतो. त्या रविवारी मुलीने त्यांची चाळीसगावची आठवण वाचली. साल १९२९. स्टेशनवरून बाबासाहेबांना महारवाड्यात न्यायचे होते. अस्पृश्यासाठी टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. बाबासाहेबांनी पायी यावे, हे वस्तीच्या मनाला पटेना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याने आयुष्यात कधी लगाम धरला नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक कडेच्या दगडावर जोरात आदळले. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडला.

वाचन संपले. मुलगी म्हणाली, "त्या माणसाला आधी कुणी शिकायला मैदान दिलं असतं तर?"

आम्ही दोघेही गप्प झालो. दुसऱ्या दिवशी तिघांची नावे दिली.

स्पर्धेच्या सकाळी छाती धडधडत होती. गाडी घरचीच, जुनी, भाजी आणायची. एकाच गाडीवर तिघांनी उतरायला मुभा होती. तपासनिसाने टायर, ब्रेक, सीटबेल्ट पाहिले, बॅटरी हलवून पाहिली, आतले सुटे सामान बाहेर काढायला लावले. डिकीतून छत्र्या, पाण्याच्या बाटल्या आणि तांदळाची गोणी निघाली. सगळे हसले, आम्हीही हसलो. मग वाटेचा नकाशा हाती दिला. आधी सगळ्यांनी ती वाट पायी चालून पाठ करायची.

मुलीचे बाबा मुंबईत टॅक्सी चालवलेले. ते जोशात सुटले आणि तिसऱ्या बावट्याला उजवीऐवजी डावीकडून वळसा घातला. वाट चुकली! मुलीची आई मात्र हळूहळू, तोंडाने वळणे पुटपुटत गेली. गटातली सर्वांत संथ वेळ तिची. पण वाट अचूक. नियम असा, की वाट चुकलेल्याला गटातली सर्वांत संथ वेळ आणि वर पाच सेकंद. म्हणजे बाबांचे गुण आईच्या वेळेवरून मोजले गेले! त्या दिवसापासून घरात 'सम्यक' शब्दाचा अर्थ पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

मुलीने पहिल्या फेरीत दोन बावटे पाडले. प्रत्येकी पाच सेकंद दंड. तिचे डोळे भरून आले. एका वृद्ध स्वयंसेवकाने बावटे उचलून पुन्हा रोवले आणि तिला म्हणाला, "यासाठीच तर हे मैदान आहे." तिसऱ्या फेरीत एकही बावटा पडला नाही. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. परतताना गाडीत मात्र तिघेही एकदम बोलत होतो.

हा देश म्हणजे समतेचा स्वर्ग, असे आम्ही म्हणणार नाही. इथेही आपल्याच देशबांधवांच्या एका समारंभात आडनाव ऐकताच "मूळ गाव कुठलं?" हा प्रश्न आला, आणि उत्तरानंतर बोलणे आटले. मैदानात मात्र परवाना पाहिला आणि बावटे मोजले, बाकी कुणी काही विचारले नाही.

चाळीसगावच्या त्या बांधवाला आम्ही दोष देत नाही. त्याच्या मनात बाबासाहेबांविषयी अपार माया होती, पण हाताला सराव नव्हता. सराव करायला जागा लागते आणि चुकायला मोकळीक लागते. पिढ्यान् पिढ्या आपल्याला नाकारली ती हीच. आता ती मोकळीक आपण आपल्या मुलांना, विशेषतः मुलींना, द्यायची आहे. वाहन कुठलेही असो, रिक्षा, स्कूटर वा मोटार, रस्त्यावर आणण्याआधी मोकळ्या मैदानात चार विटा मांडा आणि त्यांना वळसे घालू द्या. विटा पडतील. पडू द्या, पुन्हा मांडा.

जयभीम!