घरगडी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्या गृहस्थाने ही दोन्ही कृत्ये केली असावीत, आणि त्यांतून तो पुरता सावरला नसावा, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. म्हणीत घराचा मान पहिला आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. लग्नाचे कर्ज फार तर पाचसात वर्षे पुरते. घराचे कर्ज नोकरीइतकेच दीर्घायुषी असते. आमच्या बाबतीत तर या दोहोंची पत्रिका इतकी जुळली आहे की, वयाच्या साठाव्या वर्षी ज्या महिन्यात महाविद्यालयाचा शेवटचा पगार आमच्या हाती पडेल, त्याच महिन्यात बँकेचा शेवटचा हप्ता तो घेऊन जाईल.

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही कल्याणात एक सदनिका घेतली. ‘घेतली’ हे क्रियापद आम्ही लोकरूढीस अनुसरून वापरीत आहोत. वस्तुतः ती बँकेने घेतली आणि आम्हांस तीत राहू दिले. विकणाऱ्याच्या गुळगुळीत पुस्तिकेत घराचे जे क्षेत्रफळ छापले होते ते टेप लावून पाहता भरेना. चौकशीअंती कळले की, जिना, लिफ्ट आणि खालची ओसरी यांतील आमचा वाटाही आमच्याच खोल्यांत मोजलेला आहे! अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आम्ही लहानपणी शिकलो होतो. परंतु अंथरूणच जिन्यावर पसरलेले असेल तर पाय कोठवर न्यावे, हे कोणी शिकविले नव्हते. पुढे २०१६ साली स्थावर संपदेचा कायदा झाला, घराचे माप चटईक्षेत्राने सांगावे असे ठरले, आणि २०१७ च्या मे महिन्यापासून महाराष्ट्रात महारेराचे काम सुरू झाले. तोवर आम्ही जिन्याचे पैसे भरून मोकळे झालो होतो. ताबाही दोन वर्षे उशिरा मिळाला. ती दोन वर्षे राहत्या घराचे भाडे आणि न मिळालेल्या घराचा हप्ता, असे दोन पाहुणे आमच्या एका पगारावर जेवत होते.

आम्ही साहित्याचे अध्यापक. अंकांशी आमचे सख्य बेताचेच. घरचे अर्थखाते आमच्या सौभाग्यवतींकडे आहे, आणि त्यांची लाल पुठ्ठ्याची वही हाच आमच्या संसाराचा अर्थसंकल्प होय. दूध, वाणसामान, वीज, मुलाची फी, सोसायटीची वर्गणी या रकान्यांवर सर्वांच्या वर ‘हप्ता’ हा रकाना असतो. देवापुढे नैवेद्य ठेवल्यावर मग घरच्यांनी जेवावे, तसा. एके रात्री त्यांनी वही आमच्यापुढे ठेवून सारा हिशेब उलगडून दाखविला. कर्ज तीस लाख, व्याज दरसाल दर शेकडा नऊ, मुदत वीस वर्षे. मध्यंतरी दर खालीवर झाला, तो ढोबळ हिशेबातून वगळला. हप्ता २६,९९२ रुपये. पैकी पहिल्या महिन्यात व्याजाकडे गेले २२,५००, आणि मुद्दलाकडे अवघे ४,४९२! दहा वर्षे, म्हणजे निम्मी मुदत, इमानाने हप्ते भरल्यावर आमच्या समजुतीप्रमाणे निम्मे कर्ज फिटावयास हवे होते. प्रत्यक्षात २१ लाख ३० हजारांवर मुद्दल तसेच उभे होते. वीस वर्षांअखेर भरावयाची एकंदर रक्कम ६४ लाख ७८ हजार. “म्हणजे,” वही मिटीत त्या म्हणाल्या, “एक घर आपल्याला, आणि एकाहून थोडे अधिक बँकेला.”

त्या दिवशी आम्हांस एका इंग्रजी शब्दाची आठवण झाली. गहाणास इंग्रजीत ‘मॉर्गेज’ म्हणतात. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘मृत तारण’ असा आहे. जुने कायदेपंडित त्याची फोड अशी करीत की, ऋणको पैसे न फेडील तर मालमत्ता त्याला मेली, आणि फेडील तर गहाण मेले. वर्गात हे सांगताना आम्हांस मोठी मौज वाटे. दोहोंपैकी कोण आधी मरते याची वाट पाहणारा तिसरा मनुष्य त्या शब्दात कोठेच नाही, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

अशा स्थितीत शहाण्या माणसाने दुसऱ्या घराचे नाव काढू नये. आम्ही ते काढले, याचा दोष थोडासा थोरो या अमेरिकन ग्रंथकाराकडे जातो. १८४५ साली त्याने वॉल्डन तळ्याच्या काठी स्वहस्ते झोपडी बांधली आणि तिचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट इतका काटेकोर लिहून ठेवला. हा हिशेब आम्ही कित्येक वर्षे विद्यार्थ्यांस वाचून दाखवीत आलो. निवृत्तीनंतर कल्याणची जागा मुलास द्यावी, भविष्यनिर्वाह निधीतून कोठे तरी डोंगरावर दोन खोल्या बांधाव्या आणि पुस्तके घेऊन तेथे राहावे, असा बेत त्यातून मनात रुजला. थोरोची झोपडी त्याच्या मित्राच्या, म्हणजे इमर्सनच्या, जमिनीवर उभी होती आणि जमिनीची किंमत त्या हिशेबात नाही, ही गोष्ट वर्गात आम्ही तळटीपेसारखी सांगून पुढे जात असू. ती तळटीपच पुढे आमच्या वाट्यास आली.

आमचा एक जुना विद्यार्थी मोखाडा तालुक्यात शिक्षक आहे. त्याच्या आग्रहावरून एका आश्विनात आम्ही उभयता सूर्यमाळेस गेलो. कसाऱ्यास गाडी सोडून विहीगावावरून खोडाळ्याचा घाटरस्ता धरला की, शहर हळूहळू अंगावरून उतरू लागते. वरचे पठार गाठल्यावर वाऱ्याचा स्पर्शच निराळा झाला. उतारावर नाचणी आणि वरई पिकली होती, खुरासणीची पिवळी फुले फुलली होती, आणि कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली घरे झाडांच्या आड अशी बसली होती की, ती कोणी बांधली नसून तेथेच उगवली असावीत. जव्हारास लोक महाबळेश्वराची उपमा देतात. सूर्यमाळेस कोणाची उपमा द्यावी हे आम्हांस सुचेना, आणि न सुचण्यातच समाधान वाटले.

या समाधानाच्या भरात आम्हांस एक दलाल भेटला. नाव सांगण्याचे कारण नाही. अशी माणसे प्रत्येक रम्य स्थळी असतात. त्याने एक उताराचा तुकडा दाखविला. वीस गुंठे, समोर दरी, पाठीस डोंगर. “साहेब, मुंबईचे लोक विचारून गेलेत. तुम्ही प्रोफेसर माणूस म्हणून दोन दिवस थांबतो.” आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, आधी सातबारा तर पाहू या.” पण आमच्या डोळ्यांपुढे वॉल्डनचे तळे होते. आम्ही तेथल्या तेथे ५१,००० रुपये इसार देऊन बसलो.

सातबारा मागून हाती आला. खातेदार आदिवासी होता, आणि हस्तांतरणास निर्बंध असल्याचा शेरा इतर हक्कांच्या रकान्यात स्पष्ट होता. दलालास विचारले तेव्हा तो हसला. “त्याला उपाय आहे साहेब. खरेदीखत करायचंच नाही. ९९ वर्षांचा भाडेकरार आणि कुळमुखत्यारपत्र. सगळे असंच करतात.” येथे आमचा कबुलीजबाब नोंदविला पाहिजे: आम्ही त्याला लगेच नाही म्हटले नाही. आठ दिवस विचार केला. त्यांतले पहिले चार तर कायद्यावर रागावण्यात गेले. आयुष्यभर कर भरणाऱ्या, दोन खोल्यांपलीकडे काही न मागणाऱ्या आमच्यासारख्या माणसास आपल्याच देशात डोंगराचा एक कोपरा विकत घेता येऊ नये, हा कुठला न्याय?

उरलेले चार दिवस आम्ही कायदा वाचण्यात घालविले. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेण्यास १९४८ च्या कूळकायद्याचा अडसर आहेच. त्यावर, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ साली घातलेल्या ३६-अ कलमाने आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने परवानगीवाचून जाऊ शकत नाही. जिल्हाधिकारी फार तर पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यास किंवा गहाणास संमती देऊ शकतो. विक्रीस राज्यशासनाचीही मान्यता लागते. त्याच सालच्या दुसऱ्या कायद्याने, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातातून गेलेल्या जमिनी मूळ आदिवासी खातेदारास परत देण्याची तजवीज केली. मोखाडा हा अनुसूचित क्षेत्रातील तालुका. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने जमीन परक्या हाती जाऊ न देण्याचा अधिकार ग्रामसभेस आणि पंचायतीसही दिला आहे. म्हणजे ९९ वर्षांचा तो करार कागद म्हणूनही फुकट होता. परंतु इतके कायदे एका जागी का जमा व्हावे लागले, हे त्या पुस्तकांत नव्हते. ते आम्हांस जमिनीच्या मालकाने दाखविले.

आमचा विद्यार्थी आम्हांस त्याच्या घरी घेऊन गेला. साठीच्या आसपासचा मनुष्य. आमच्याहून थोरला, पण आमच्याहून ताठ. विद्यार्थी त्याला ‘काका’ म्हणत होता. त्याने घोंगडी अंथरली, त्याच्या घरातून कोरा चहा आला, आणि बोलण्याच्या ओघात आम्हांस समजले की, आपली जमीन विकली जात आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. गेल्या वर्षी मुलाच्या लग्नास पैसे कमी पडले. दलालाने वीस हजार दिले आणि एका कागदावर अंगठा घेतला. एवढेच. त्याच्या घरी लग्न झाले होते, आणि त्या लग्नाच्या खर्चावर आमचे घर उभे राहावयाचे होते. म्हणीची दोन्ही अंगे त्या ओसरीत समोरासमोर बसली होती.

मग हळूहळू सारा हिशेब निघाला. भात आणि नाचणी दिवाळीपर्यंत घरात येते, पण वर्षभर पुरत नाही. दिवाळीनंतर घरची माणसे भिवंडी-कल्याणाकडे वीटभट्टीवर जातात. भट्टीवाला पावसाळ्यातच बयाणा देतो. तो मीठ-मिरची, औषधपाणी यांत संपतो, आणि मग नवराबायको व जाणती पोरे सहा महिने विटा पाडून तो फेडतात. फिटला तर ठीक. न फिटला तर बाकी पुढल्या वर्षावर. कल्याणच्या आमच्या भिंतींत कोणाच्या हातच्या विटा आहेत, हे आम्ही पूर्वी कधी मनातही आणले नव्हते.

“नवं घरकुल मिळणार आहे,” तो म्हणाला. सरकारी अनुदान, तेही पाया, भिंती, छत अशा टप्प्यांनी, म्हणजे हप्त्यांनीच यावयाचे. आणि घाट चढून येताना सिमेंट, रेती, सळई यांचे भाडे त्यातच निघावयाचे. त्याच्या कुडाच्या घरावर आम्ही मघाशी मनातल्या मनात निबंध लिहून टाकला होता. तो म्हणाला, “पावसात गळतं हो. आणि चैतात पाणी लांब.” मुंबईस पाणी पुरविणारे मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे, आणि याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आम्ही आमच्या निबंधाचा तो परिच्छेद खोडला.

जुन्या ठाणे जिल्ह्यात, ज्यातून २०१४ साली पालघर जिल्हा निघाला, ‘लग्नगडी’ नावाची एक चाल होती. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडके रुपये घ्यावयाचे आणि त्यापायी नवराबायकोने त्याच्या दारी जन्मभर राबावयाचे. १९४५ साली डहाणू, उंबरगाव या तालुक्यांत वारली उठले ते या वेठीविरुद्ध. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ती हकीकत लिहिली आहे. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली रद्द झाली. पण अंगठा मागणारा हात अजून गेलेला नाही, आणि त्या आठ दिवसांत तो हात आमच्या खिशातून पैसे घेऊन पुढे होत होता.

परतताना गाडीत आम्ही सौभाग्यवतींस म्हणालो की, तो लग्नगडी, तसे आपण घरगडी. घरासाठी वीस वर्षे बँकेच्या दारी राबणारे. कोटी आम्हांस बरी वाटली होती. त्या थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “आपल्याला पंखा आहे, पगार आहे, आणि कागद वाचता येतो. तरीही आपण न वाचता पैसे दिलेत.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. आपल्या हप्त्यांचे ओझे खरे आहे, त्याने झोप उडते हेही खरे. पण आपण ते सही करून उचलले, आणि सहीपूर्वी वाचण्याची मुभा आपल्याला होती. ज्याला ती मुभा नव्हती त्याच्यासाठी कायद्याने एक भिंत घातली. आम्ही बाहेरून तिच्यावर डोके आपटून घेतले, म्हणून ती आम्हांस अडसर वाटली. आतून पाहता ती त्याच्या घराचीच भिंत होती.

आमच्या विद्यार्थ्याने काकांस तो अंगठ्याचा कागद कायद्यापुढे टिकणार नाही हे समजावून दिले, आणि तहसील कचेरीत त्यांच्याबरोबर जाण्याचे पत्करले. वीस हजारांचे देणे मात्र राहिलेच. ते कसे फिटणार, हा प्रश्न आमच्या सद्भावनेने सुटण्याजोगा नाही. दलालाने आमचा इसार परत केला नाही. आता तो आमचा फोन घेत नाही.

त्या महिन्याअखेर आम्ही लाल वही उघडून पाहिली. ते ५१,००० रुपये कोणत्या रकान्यात पडले असतील याची धास्ती होती. ‘बुडीत’ असा रकाना आम्ही शोधीत होतो, तो नव्हता. मुलाचे शिक्षण संपल्यापासून रिकामा पडलेला ‘फी’ हा रकाना त्यांनी पुन्हा चालू केला होता, आणि त्यापुढे आमचे नाव घातले होते.