पिलाच्या डोळ्यात फूल पडले

बदनापूर म्हटले की तूर आली. इथल्या कृषी संशोधन केंद्राचे बीएसएमआर ७३६ आणि बीडीएन ७११ हे वाण आपल्यापैकी अनेकांनी पेरले असतील. तूर घरात आली की पोत्यांची थप्पी लागते, थप्पीमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर येते. आमची मनी अशीच आली. तिला कोणी आणले नाही आणि कोणी हाकललेही नाही.

गेल्या दिवाळीनंतर मनी कडब्याच्या गंजीआड व्याली. चार पिल्ले झाली. आठ-दहा दिवसांत त्यांचे डोळे उघडले आणि महिनाभरात ती घरभर पळू लागली. धाकटीने सगळ्यांना नावे ठेवली. भुरकट रंगाचा तो भुऱ्या, पांढऱ्या पायांची ती पायमोजी.

पिल्ले पाच आठवड्यांची असताना थंडीचा कडाका पडला. एका सकाळी धाकटी भुऱ्याला ओंजळीत घेऊन आली. "बाबा, ह्याचा डोळा उघडंना!" पाहिले तर पिलू शिंकत होते आणि एक डोळा चिपडाने पार चिकटला होता. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची थेंबांची बाटली कपाटात उरलेली होती. डोळ्याचेच औषध आहे, बिघडेल काय, असे म्हणून मी ते थेंब टाकले. दोन दिवस टाकले. तिसऱ्या दिवशी डोळा उघडला, पण बुबुळावर निळसर पांढरे फूल पडलेले होते.

तेव्हा कुठे मी पिलू पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी नारिंगी रंगाची छोटी पट्टी भिजवून डोळ्याला लावली. बुबुळावर एक डाग हिरवागार चमकला. "ही जखम आहे साहेब. डोळ्यात काय टाकलं होतं?" मी बाटली पुढे केली. तिच्यात स्टिरॉइड होते. ऑपरेशननंतरची सूज उतरवायला ते माणसाला देतात. पण बुबुळावर जखम असेल तर तेच औषध ती भरू देत नाही, उलट खोल नेते. पिलांचे डोळे बहुधा सर्दीच्या विषाणूने येतात आणि त्यातूनच अशी जखम होते. आधी तपासले असते तर साध्या मलमावर भागण्यासारखे होते. भुऱ्याचा जीव वाचला, पण तो डोळा गेला.

घरी आल्यावर आई एवढेच म्हणाली, "लेका, दुसऱ्याच्या रानातला रोग वळखतोस, अन् घरातलं दुखणं कळंना व्हय?"

ते वाक्य मला फार लागले. तीस वर्षे मी गावोगाव हेच सांगत आलो आहे, की आधी रोग ओळखा, मग औषध घ्या. तुरीला वांझ रोग आला की झाड हिरवे राहते, पण त्याला फूल-शेंग धरत नाही. हा रोग विषाणूचा आणि तो पसरवतो डोळ्यांना न दिसणारा कोळी. तिथे बुरशीनाशकाचे पंप रिकामे करून उपयोग नसतो. हे शेतकऱ्याला समजावणारा मी, घरात मात्र हाताला लागेल ते औषध टाकून मोकळा झालो होतो.

पंधरा दिवसांनी दुसरी वेळ आली. पायमोजी पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसली होती. पाणी पीत नव्हती. पिवळी उलटी झाली होती. दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा अर्ध्यावर आला होता. चिपड नव्हते, लाली नव्हती. या वेळी मी कपाट उघडले नाही. तडक दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले, "हा डोळ्याचा आजार नाही. आजार पोटात आहे, डोळा फक्त सांगतोय." कुत्र्यांच्या पार्वोचा हा भाऊबंद, पॅनल्यूकोपेनिया. लहान पिलांना तो दोन-तीन दिवसांत नेतो. विषाणू मारणारे औषध नाही. सलाईन, ऊब आणि दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून इंजेक्शने, एवढाच उपाय. पायमोजी तीन दिवस सलाईनवर होती. चौथ्या दिवशी तिने वाटीला तोंड लावले. तिचे एक भावंड मात्र त्याच रात्री आजारी पडले आणि उजाडायच्या आत गेले. धाकटीने त्याला बांधावर पुरले. दिवसभर ती कोणाशी बोलली नाही. भुऱ्याला डोळ्यासाठी वेगळ्या खोलीत ठेवले होते, म्हणून तो वाचला असावा.

या दोन फेऱ्यांत जे शिकलो ते आपल्यासमोर ठेवतो. पिलाचा डोळा चिकटला तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून हलक्या हाताने पुसावा. प्रत्येक डोळ्याला नवा बोळा घ्यावा आणि नंतर हात धुवावेत. मध, चहाचे पाणी, एरंडेल किंवा माणसाचे उरलेले थेंब काही घालू नये. अंग तापले म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नये. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. पिलू खात नसेल, उलट्या-जुलाब असतील, किंवा डोळ्यावर पडदा आला असेल तर उद्यावर टाकू नये. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू जागेत वर्षभर टिकू शकतो. म्हणून जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी, मागून साध्या पाण्याने धुऊन वाळू द्यावी. फिनाईल वापरू नये, मांजराला ते बाधते. दोन महिन्यांच्या सुमारास लस सुरू करावी आणि डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस द्यावेत. दवाखाना लांब असेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा बिनपैशाचा क्रमांक लावून विचारावे.

मांजराच्या पिलासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. मीही पूर्वी म्हणत असे. पण मुके जनावर आपले दुखणे लपवते, आणि आपल्याला दिसते तोवर निम्मा वेळ गेलेला असतो. उरलेला निम्मा आपण अंदाजात घालवू नये.

भुऱ्या आता मोठा झाला आहे. रात्री तुरीच्या पोत्यांवर बसतो आणि एका डोळ्याने सगळा कोपरा राखतो. कपाटातली ती बाटली मी त्याच दिवशी फेकून दिली.