दिसला नाही, एवढंच

माझी भाची सांगलीकडून भोपाळला शिकायला आली आणि आमच्या घरात मोजमापाचं राज्य सुरू झालं. भदभद्याकडच्या टेकडीवर भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे, १९८२ सालची. तिथं ती. भल्या पहाटे मोठ्या तलावाकाठी जाते, ठरलेल्या जागी दहा मिनिटं उभी राहते, दिसलेला नि ऐकू आलेला प्रत्येक पक्षी वहीत टिपते. एकही नसेल तर शून्य लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळा रकाना म्हणजे मोजलंच नाही. आणि शून्य आलं तरी 'पक्षी नाही' म्हणायचं नाही, 'दिसला नाही' म्हणायचं. म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा जायचं आणि असूनही न दिसण्याची शक्यता किती, याचं गणित संगणकावर मांडायचं. आपल्या बायकांना हे परकं वाटू नये. 'स्यात्' हा शब्द पाठशाळेत आपण सगळ्यांनीच घोकलाय. त्याला पहाटेची थंडी आणि दुर्बीणही असते, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

बिट्टन मार्केटच्या हाटात भाजी घेताना मी तिला विचारलं, अख्खा तलाव न मोजता तुम्हाला कळतं कसं?

"आत्या, मेथीचा भाव तू फक्त तोंडाशी बसलेल्यांना विचारून सांगशील?"

छे! तोंडाशी महाग, आत शिरलं की उतरतो, दिवे लागल्यावर आणखी उतरतो.

"तेच. म्हणून जागा चिठ्ठ्या टाकून काढायच्या, वेळ रोज एकच ठेवायची. सोयीच्या रस्त्याकडेला उभं राहिलं तर सोयीचंच उत्तर येतं."

दादाला मात्र हे पटेना. शिक्षण झालं की बँकेची परीक्षा, नाहीतर लग्न. "बगळे मोजायला शिकवलं का हिला?" मी सांगितलं, हा तलाव भोजराजाचा, अकराव्या शतकातला, शहर याचं पाणी पितं, २००२ पासून रामसरच्या यादीत आहे. तो नुसता हं हं करत राहिला. मग तिनंच फोन घेतला.

"अण्णा, द्राक्षं उतरवायच्या आधी गोडी कशी बघता?"

"दहा-बारा वेलींचे मणी काढून, मशीनवर."

"कडेच्या ओळीतलेच?"

"खुळी का काय! कडेला ऊन जास्त. मधले, खालचे, सावलीतले, सगळीकडचे घ्यायला लागतात. नाहीतर व्यापाऱ्यासमोर तोंडघशी."

"मग मी वेगळं काय करते?"

पलीकडे बराच वेळ शांतता. विज्ञान लोकांना समजेल असं सांगण्याचाही यांचा तास असतो म्हणे. बापाला समजावण्याचा धडा त्यात नसावा, तो तिचा तिनंच काढला.

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते, १९८७ पासून आशियाभर चालते. तिनं नाव दिलंय. सांगलीला पाहुणे बघायला यायचेत तेही त्याच आठवड्यात, आणि दादानं त्यांना अजून नाही कळवलेलं नाही. फोन ठेवताना मला एवढंच विचारलं, "पहाटे तिच्या सोबतीला कोण असतं गं?"