नाव ‘विंडोज ७’, आत भलतेच

आम्ही शुक्रवार पेठेत संध्याकाळी मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. तिथला संगणक देणगीतला, मूळचा विंडोज ७ चा. पुढे त्यावर विंडोज १० चढवले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचाही नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ काही या जुन्या यंत्रावर बसेना. नवीन घ्यायला पैसा कुठला? तेव्हा आमच्या पुतणीने विंडोज तसेच ठेवून शेजारी उबुंटू बसवले.

आता यंत्र सुरू केले की आधी ग्रबची यादी येते. तीत विंडोजच्या दोन ओळी होत्या: एक ‘विंडोज १०’, एक ‘विंडोज ७’. आम्हाला मुलांचे शिष्यवृत्तीचे जुने अर्ज हवे होते. जुने सामान जुन्या घरात असणार, असा आमचा कारकुनी हिशेब. दाबले ‘विंडोज ७’. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला: यंत्र कारखान्यातून निघाले तसे पुन्हा करायचे काय? आमचे बोट एंटरवर गेलेच होते.

“काका, थांबा! हात काढा आधी!”

ते विंडोज ७ नव्हतेच. कंपनीने ठेवलेले रिकव्हरीचे पार्टिशन होते ते. पोरांचे जातीचे दाखले, गुणपत्रिका, अर्ज, सारे त्या एका बोटाखाली होते. दुसरी प्रत ठेवली नव्हती, हा दोष आमचाच.

असे का झाले? ओएस-प्रोबर नावाचा छोटा प्रोग्राम एकेक पार्टिशन धुंडाळतो आणि बीसीडी फाइलीत विंडोजचे जे नाव सापडेल ते ओळीवर चढवतो. पुढे ते चालू केल्यावर काय होणार, हे तो बघत नाही. आमच्या कचेरीत जुन्या फायलीचे कव्हर नव्या कागदांना लावतात, त्यातलाच प्रकार. गंमत म्हणजे खऱ्या ओळीपुढे ‘एसडीए१’ असे होते आणि ते पार्टिशन अवघे १०० एमबीचे. आम्हाला तेच खोटे वाटले! पण विंडोज सुरू करणाऱ्या फायली तिथेच असतात; वाड्याची देवडी लहान असली तरी आत जायचे तिच्यातूनच.

पुतणीने ग्रब.सीएफजी फाइलीत नाव बदलले. पुढच्या कर्नल अपडेटला ती फाइल नव्याने तयार झाली आणि जुने नाव परत हजर. मग तिने त्या पार्टिशनचा यूयूआयडी वगळायच्या यादीत घातला, ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवले, तेव्हा ती ओळ गेली.

त्याआधी मात्र सगळे अर्ज दोन पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. एक आमच्या कपाटात आहे, दुसरा पुतणीने आमच्या हाती द्यायला साफ नकार दिला.