खुद्द

गेल्या साली एका वसतिगृहात पोरांच्या अभ्यासवर्गाला गेलो होतो. माझी कादंबरी त्यांनी वाचलेली. चर्चेला सुरुवात झाली तसा एक पोरगा ताडकन उठला. म्हणाला, "दादा, तुम्ही चळवळीतले. मग कादंबरी कशाला? जे घडलं ते सरळ लिहा की. रचलेल्या गोष्टी लिहायला दुसरे आहेत." मी काहीतरी बोललो. वास्तव, कलाकृती, सर्जन असले शब्द फेकले. पोरगं खाली बसलं, पण त्याला पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. खरं उत्तर एस.टी.त बसून घरी येताना सुचलं. ते इथं लिहितो.

मी पोटासाठी कंडक्टर. 1981 ला लागलो, 2016 ला सुटलो. लेखक फावल्या वेळातला, आणि कंडक्टरला फावला वेळ म्हणजे मुक्कामी गाडी. रात्री आठ-साडेआठला माण तालुक्यातल्या कुठल्या तरी वाडीत गाडी थांबायची ती सकाळी सहाला हलायची. ड्रायव्हर मागच्या लांब बाकड्यावर घोरायचा. मी दोन बाकड्यांच्या मधे पाय दुमडून, कॅशची बॅग उशाला घेऊन बसायचो. आतला दिवा लावला की ड्रायव्हर झोपेतच ओरडायचा, "मास्तर, बॅटरी उतरली तर सकाळी धक्का तू मारशील का?" मग हातातल्या टॉर्चवर वही. काही वाड्यांत गाडीवाल्यांना भाकरी यायची. काही वाड्यांत आधी आडनाव विचारायचे आणि मग एकट्या ड्रायव्हरलाच यायची. त्या रात्री लिहिणं जास्त व्हायचं.

लिहायचं काय ते डोक्यात नव्हतं. कविता करून बघितल्या होत्या, त्या काळात कोण करत नव्हतं! माझ्या कवितेत सूर्य फार उगवायचे. एका मित्रानं मोजून दाखवले.

1984 ला विहिरीच्या कर्जासाठी सातबाराचा उतारा काढायला गेलो. आमची जमीन वतनाची. महारवतन हे गुलामीचं वेसण आहे म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल आणलं होतं, हे आपल्याला भाषणातून ठाऊक. वतन कायद्यानं गेलं ते 1958 च्या कायद्यानं, अंमल 1959 पासून. मग सरकारात कब्जेहक्काची रक्कम भरून तीच जमीन नवीन शर्तीनं नावावर करून घ्यायची. शर्त अशी, की वरच्या साहेबाच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. कायदा चांगल्या हेतूनं केलेला. तर उताऱ्यावर आज्ज्याचं नाव पुढं, भावकीची नावं मागं. जमीन दोन एकर चौदा गुंठे. आणि खाली पीकपाहणीत, जमीन कोण कसतो त्या रकान्यात, वर्षामागून वर्षं एकच शब्द. खुद्द. खुद्द. खुद्द.

मी तिथंच हसलो. कारण त्या रानातला दाणा आमच्या घरात 1972 नंतर कधी आलाच नव्हता. दुष्काळात आज्ज्यानं गावातल्या एका मालकाकडनं धान्य उचललं. रान त्याच्या ताब्यात दिलं. कागद नाही, साक्ष नाही. विकता येत नव्हतं म्हणून खरेदीखत नाही. नाव आमचं राहिलं आणि पीक त्याचं झालं. तलाठी चावडीत बसून लिहीत गेला, खुद्द.

घरी येऊन आयला सांगितलं, "बघ, कसं खोटं लिहिलंय." आय चुलीपुढं होती. म्हणाली, "खोटं कसं? तुझा आज्जाच तर नांगर धरीत व्हता तिथं. सालानं गडी ऱ्हायला ना त्येंच्याकडं. आपल्याच रानात."

मी गप झालो. म्हणजे खुद्दच कसत होता. शब्द बरोबर होता! स्वतःच्या रानात स्वतःच नांगर धरायचा, स्वतःच पेरायचं, आणि खळं झालं की धान्य दुसऱ्याच्या कणगीत स्वतःच्याच डोक्यावरून नेऊन टाकायचं. तलाठ्यानं खोटं लिहिलं नव्हतं आणि खरंही लिहिलं नव्हतं. त्या एका शब्दात आज्ज्याची दहा-बारा वर्षं पुरलेली होती. मला कादंबरी सापडली ती तिथं. प्रेरणा प्रेरणा म्हणतात ती माझ्या बाबतीत तरी तालुक्याच्या शिक्क्यासकट मिळाली.

आता त्या पोराचा प्रश्न. घडलं ते सरळ का नाही लिहिलं?

लिहायला बसलो होतो सरळच. पण दुष्काळात मी चौदा वर्षांचा, साताऱ्याला बोर्डिंगात. तिथं दोन वेळची भाकरी मिळत होती. घरची माणसं खडी फोडत होती, सुकडी खात होती, मिलोच्या लाल भाकरी गिळत होती. हे मला कळलं ते ऐकून. आज्ज्यानं रान दिलं तो दिवस मी पाहिलेला नाही. आय सांगते धान्यासाठी दिलं. चुलता सांगतो, धान्य निमित्ताला, आधीचं देणं होतं. आज्जा 1983 लाच गेला, त्याला विचारायचं राहून गेलं. मग 'मी' म्हणून मी काय लिहिणार? आत्मकथनात मला बोर्डिंगाची भिंत ओलांडता येत नव्हती. त्या मालकाच्या सोप्यात, तलाठ्याच्या दप्तरात, रात्री जागा असलेल्या आज्ज्याच्या डोक्यात शिरायचं तर गोष्टच रचायला पाहिजे होती.

आणि रचणं हे दुसऱ्यांचं, आपलं फक्त सोसणं, ही वाटणी कुणी केली? 1958 साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्‌घाटन केलं अण्णाभाऊंनी. शाळेचं तोंड न पाहिल्यासारखा माणूस, आणि कादंबऱ्या रचत होता. 1959 ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. फकिरा हा माणूस होऊन गेला, पण आपल्या डोळ्यांपुढं जो उभा राहतो तो अण्णाभाऊंनी घडवलेला. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा 1963 चा संग्रह कथांचा आहे. 'बलुतं' आलं 1978 ला, 'उपरा' 1980 ला. ती पुस्तकं आपली आहेत, माझ्या उशाशी असतात. 'बलुतं'मध्ये सुद्धा दया पवारांना दगडू पवार वेगळा काढून समोर बसवावा लागला आहे, हे विसरू नका. पण त्यानंतर बाजार बसला. दिवाणखान्यातला वाचक म्हणू लागला, तुमचं दुःख द्या, कल्पना आमच्याकडं आहे.

पुण्याच्या एका प्रकाशकाकडं हस्तलिखित दिलं होतं. चार महिन्यांनी पत्र आलं. भाषा अस्सल आहे, अनुभव जळजळीत आहे, फक्त हे आत्मकथन म्हणून द्या, 'मी' घाला, लगेच छापतो. दोन रात्री झोप नाही. बायको म्हणाली, "घाला की मग मी. एका अक्षरानं काय झिजतंय?" पैशाची ओढ होती, पोरीचं लग्न तोंडावर होतं. पण 'मी' घातला की दुसऱ्या कुणाचं तरी नाव उघडं पडत होतं. ते पुढं सांगतो. हस्तलिखित परत आणलं. पुढं सात वर्षांनी मित्रांनी वर्गणी काढून छापलं.

लिहिण्याची माझी पद्धत म्हणाल तर कंडक्टरचीच. गाडीत साठ माणसं बोलत असतात, आपण तिकीट फाडत असतो, कान मोकळे. म्हातारी तिकिटाचे पैसे लुगड्याच्या गाठीतनं सोडते तेव्हा काय पुटपुटते, हाफ तिकिटासाठी बाप पोराचं वय कसं कमी सांगतो आणि पोरगं मधेच खरं बोलून कसा घोळ करतं. घरी येऊन आधी ही बोलणी उतरवायची, मग ती कुणाच्या तोंडी शोभतील ते बघायचं. लिहिलेलं बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचं. ती सातवी शिकलेली, पण कात्री तिची. माझी नायिका विहिरीवर दीड पान क्रांतीचं बोलत होती. बायको म्हणाली, "हिचा हंडा भरून वाहाय लागला की. घरी जाणार का नाही ही?" दीड पान गेलं. एकच वाक्य ठेवलं.

सगळ्यात त्रास दिला त्या मालकानं. पहिल्या खर्ड्यात मी त्याला मिशीला पीळ देणारा, दारू पिणारा, चाबूक वाजवणारा केला होता. सिनेमातला. लिहिताना मजा आली. पण वाचताना त्याची भीतीच वाटेना. मग आय सांगायची ते आठवलं, की तो माणूस कधी आवाज चढवत नसे. मापटं शिगोशीग भरून द्यायचा. ताक वरनं ओतायचा, पण रोज ओतायचा. आपण या माणसांना जगवलं असंच त्याला वाटत होतं. आणि आज्जालाही तसंच वाटत होतं, मरेपर्यंत! हे लिहिताना हात आखडायचा. आपल्या पोरांना आवडणार नाही, आज्जा लाचार दिसेल, मोर्च्यात उपयोगी पडणार नाही. तीन वेळा मी आज्ज्याला बंड करायला लावलं, तीन वेळा खोडलं. चाबकाच्या माणसाशी भांडता येतं. ताक देणाऱ्याशी कसं भांडायचं हे आज्ज्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते तसंच ठेवलं. त्या अभ्यासवर्गात यावरूनही दोघं-तिघं रागावले. रागवा. पण आपापल्या गावी जाऊन पीकपाहणीचा रकाना एकदा बघा. आता तर ती मोबाईलवर करतात.

आता राहिलं ते नाव. दुष्काळानंतरच्या साली त्या रानात बाजरी चांगली आली होती. आयनं त्यातली कणसं आणली. आपल्याच रानातली. राखणदारानं धरलं, चावडीपुढं उभं केलं. काय काय बोलले ते तिनं मला एकदाच सांगितलं, आणि वर म्हणाली, "हे लिव. पर माझं नाव घालू नगंस. आपल्या रानातलं आणलं तरी लोक चोरीच म्हणत्यात रं." म्हणून कादंबरीत एक सतरा वर्षांची सून आली, जी आमच्या घरात कधी नव्हती. तिचा नवरा वेगळा, माहेर वेगळं, रंग वेगळा. कणसं तेवढी तीच.

पुस्तक छापायला जाण्याआधी ते प्रकरण आयला वाचून दाखवलं. आय भिंतीला टेकून, डोळे मिटून. मला वाटलं झोपली. मी थांबलो तशी म्हणाली, "कुणाची रं ही पोरगी?"

म्हटलं, "रचलेली हाय."

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "येडी हाय. कणसं वट्यात घेती व्हय कुणी? वटा फुगल्याला लांबनं दिसतोय. गवताच्या भाऱ्यात मधी घालत्यात, अन् भारा सैल बांधत्यात. घट बांधला तर कणसं टोचत्यात डोक्याला."

दुसऱ्या दिवशी मुक्कामाची ड्यूटी होती. ड्रायव्हर झोपल्यावर ते पान काढलं, वटा खोडला आणि भारा लिहिला. सैल बांधलेला.