दफ्तर आपल्या दारचें

गृहस्थाश्रमांत हिशेबाची वही ही देव्हाऱ्याइतकीच जपून ठेवावयाची वस्तु. वाण्याचें देणें, दुधाचा रतीब, मुलांची फी, सर्व कांहीं तींत असतें. परंतु उंबरठ्याबाहेर टाकलेल्या केराचें पुढें काय झालें, नळाचें पाणी कोठून आलें आणि या दोहोंसाठीं सरकारी तिजोरींतून किती पैसा निघाला, हें सुशिक्षित कुटुंबांतहि क्वचितच कोणी सांगूं शकेल. या गोष्टींची नोंद कोठेंच नसते असें नव्हे. ती पाहावयास मागण्याची चाल मात्र आपल्या घरांत अजून पडलेली नाहीं.

आम्हांस हा विचार सुचला तो डोंगरीस. भाईंदरहून मुर्धा, राई, मोर्वा हीं गांवें मागें टाकीत उत्तनकडे निघालें कीं वाटेंत डोंगरी लागते. १७३९ सालीं चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं जिंकलेला धारावीचा किल्ला याच टापूंतला. आणि साऱ्या मिरा-भाईंदर शहराचा केर जेथें नेतात तो उत्तनचा धावगी डोंगरहि याच टापूंतला. तेथील एका स्नेह्यांकडे आम्ही सहकुटुंब गेलों असतां गृहिणीनें प्यावयास नळाचें पाणी आणलें आणि "विहीर आतां धुण्याभांड्यांपुरती," असें सहज सांगितलें. परततांना आमच्या मातोश्री म्हणाल्या, "अरे, आपण रोज टाकतों तें याच डोंगरावर येतें ना? मग त्या विहिरीला काय झालें हें आपण नको का विचारायला?"

प्रश्न रास्त होता. पण विहीर बिघडण्याचीं कारणें अनेक असतात. समुद्राकांठीं उपसा वाढला कीं खारें पाणी आंत शिरतें. शोषखड्ड्यांतून मैलापाणी झिरपतें. सांचलेल्या केरांतून काळा द्रव पाझरतो. यांतलें खरें कारण कोणतें, हें तर्कानें ठरत नाहीं. त्यास तपासणीच हवी. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत विरघळलेले क्षार लिटरामागें ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरी सोय नसल्यास २००० पर्यंत चालतात. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावें. आणि १०० मिलिलिटर पाण्यांत मैल्याचे जंतु मुळींच सांपडूं नयेत. एवढे आंकडे ठाऊक असले तरी प्रयोगशाळेचा कागद गृहिणीलाहि वाचतां येतो.

घरीं आल्यावर आमच्या पुतणीनें कागदावर तीन रकाने आंखले: केर, पाणी, पैसा. केराविषयीं २०१६ च्या घनकचरा नियमांनीं ओला, सुका व घातक असे तीन भाग घरोघरीं करावयास सांगितले. त्याचबरोबर नगरसंस्थेनें आपल्या कामाचा वार्षिक अहवाल राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे धाडावा, असेंहि बंधन घातलें. पाण्याविषयीं पाहूं जातां सूर्या धरणावरील ४०३ दशलक्ष लिटरांच्या योजनेंत मिरा-भाईंदरचा रोजचा वाटा २१८ दशलक्ष लिटर ठरला. त्याचे कागद मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. विहिरींसाठीं राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे.

पैशाचा रकाना सर्वांत लांबला. केंद्राचें स्वच्छ भारत अभियान २०१४ चें, अमृत योजना २०१५ ची. दोहोंचा दुसरा टप्पा २०२१ सालीं जाहीर झाला. २००२ सालीं मिरा-भाईंदरची महानगरपालिका झाली. तिचा अर्थसंकल्प दरवर्षीं निघतो. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्यान्वयें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनीं तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के लोकोपयोगी कामास लावावयाचे असतात, आणि त्यांत स्वच्छता व पिण्याचें पाणी येतें. मात्र एखाद्या महिला मंडळास हें साहाय्य हवें असेल तर मंडळाची रीतसर नोंदणी व तपासलेले हिशेब आधीं तयार पाहिजेत.

जें आपण होऊन प्रसिद्ध झालेलें सांपडत नाहीं तें मागण्यासाठीं माहितीचा अधिकार आहे. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलांत आला. महाराष्ट्रांत अर्जास दहा रुपयांचें कोर्ट फी तिकीट पुरतें. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेंहि लागत नाहीं. अर्ज मराठींत चालतो. एका अर्जांत एकच विषय, आणि तोहि १५० शब्दांत. माहिती कशासाठीं हवी, हें विचारण्याचा अधिकार अधिकाऱ्यास नाहीं. ज्यास लिहितां येत नाहीं त्याचा अर्ज लिहून घेण्यास त्यानें साहाय्य करावयाचें असतें. कागद दुसऱ्या कचेरीचा असेल तर अर्ज पांच दिवसांत तिकडे धाडावयाचा; उत्तर तीस दिवसांत द्यावयाचें; न मिळाल्यास पुढील तीस दिवसांत अपील. "केराचें काय केलें?" असें मोघम विचारण्यापेक्षां "अमुक वर्षाच्या वार्षिक अहवालाची प्रत द्यावी" असें मागावें. कागदाचें नांव घेतलें म्हणजे उत्तरास पळवाट उरत नाहीं.

जुन्या कागदांचें वेड आपल्या लोकांस पुष्कळ. राजवाडे त्यांच्यासाठीं गांवोगांव हिंडले. पेशवे दफ्तर इंग्रज सरकारनें आपल्या अभ्यासकांपासून वर्षानुवर्षें दूर ठेविलें. अखेर रियासतकार सरदेसाई यांनीं त्यांतील निवडक कागद ४५ भागांत प्रसिद्ध केले. १७३९ सालीं धारावी कशी पडली हें आपण त्या श्रमांमुळें वाचूं शकतों. त्याच धारावीच्या टापूंत आज केर किती येतो, हें वाचावयास मात्र कोणा संशोधकाची वाट पाहावी लागत नाहीं.

विहीर ज्याची, त्यास दिवसभराच्या कामांतून कचेरीचे खेटे घालावयास फुरसत नसते. ज्या घरांत लिहितींवाचतीं सात-आठ माणसें एका छपराखालीं नांदतात त्या घरास ती असते. अशा घरानें वर्षाकांठीं एक तरी अर्ज लिहावा, आणि उत्तर आलें म्हणजे तें ज्यांची विहीर आहे त्यांच्या अंगणांत जाऊन वाचून दाखवावें.