अब्बांची गाडी आणि दो टाकीचा बाजार

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा आम्ही धान्याचे डबे, मुलांची दप्तरं आणि अम्मींना माडीवर नेलं. अंगणातली स्प्लेंडर कुणाच्या लक्षातच आली नाही. पाणी ओसरल्यावर ती आडवी सापडली. हेडलाईटच्या काचेत गाळ भरलेला. अब्बांनी २००७ साली निवृत्तीच्या पैशातून घेतलेली गाडी! घाईघाईने उभी करून आम्ही किक मारली, आणि तिथेच चुकलो. पुरात बुडालेल्या गाडीला किक मारायची नसते. सायलेन्सरमधून, एअर फिल्टरमधून आत गेलेलं पाणी आधी काढायचं. प्लग उघडायचा, ऑईल सोडायचं. खालचा नट उघडला तर ऑईलऐवजी दुधाच्या चहासारखं काहीतरी बाहेर आलं. पुढे घर सावरण्यात गाडी दहा महिने ताडपत्रीखाली राहिली आणि पिस्टन गंजून जाम झाला.

नवी घ्यायची तर सत्तर हजारांच्या वर. भंगारवाला दोन हजार देत होता. अब्बा काही बोलले नाहीत. रोज मगरिबनंतर ताडपत्रीची दोरी तेवढी घट्ट करून येत.

आमचा थोरला आयटीआयला मोटार मेकॅनिकचं शिकतो. त्याने आणि मोहल्ल्यातल्या मिस्त्रीने मिळून यादी केली. मिस्त्रीचा हिशोब सरळ होता : बेअरिंग, ऑईल सील, पॅकिंग, ब्रेक शू, पिस्टन-रिंग हे नवंच घ्यायचं, टाकी, मडगार्ड, कार्ब्युरेटर, सायलेन्सर, स्विच जुनं चालतं. सीडी १००, स्प्लेंडर, पॅशन या गाड्यांची ९७.२ सीसीची इंजिनं एकाच घराण्यातली, त्यामुळे एकीचे बरेच भाग दुसरीला बसतात. सगळे मिळून पंधरा हजार काढले होते, त्यात बसवायचं.

२०२२ च्या रमजान ईदनंतर, मेच्या सुट्टीत, आम्ही बापलेक गुरुवारी रात्री कोकणकन्येत बसलो. सकाळी सीएसएमटीला उतरून लोकलने सँडहर्स्ट रोड, तिथून पायी भेंडी बाजार. एका बाजूला जुन्या चाळी पाडून उठलेले उंच मनोरे, आणि गल्लीत वळलं की मटण स्ट्रीट, म्हणजे चोर बाजार. शुक्रवारी तिथली नेहमीची दुकानं बंद आणि रस्त्यावर जुमा बाजार. फाटकी प्लास्टिकं अंथरून लोक बसलेले : एक बूट, रिमोट, मिक्सरची भांडी, स्पीडोमीटर, क्लच लिव्हर. नाव मुळात ‘शोर बाजार’ होतं असं सांगतात. तो गलका ऐकला की पटतंही.

थोरल्याने खिशात चुंबक आणलं होतं. मडगार्डला ते जिथे चिकटत नाही तिथे पत्र्यावर पुटी भरलेली! टाकी उन्हात धरून आत डोळा लावायचा, उजेडाचा ठिपका दिसला की परत. शाळेत आम्ही शिकवतो. त्या दिवशी शिकत होतो. जुम्याची नमाज गल्लीतल्या मशिदीत पढलो आणि रात्री मुंब्र्याला आपांकडे मुक्काम केला.

शनिवारी दो टाकीकडच्या दुकानांत. एकाने अख्खं इंजिनच पुढे केलं. “मास्टर, साडेसहा हजार. आज ले जाओ, कल चलाओ.” थोरल्याचे डोळे चमकले. “पप्पा, यात सगळं कामच होतं की!” आम्ही इंजिन वळवून बघितलं. केसवर जिथे नंबर असतो तिथे कानस फिरवलेली. कागद मागितले तर दुकानदार हसला. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, नोंदणीची पंधरा वर्षं त्याच वर्षी संपत होती, आरटीओला गाडी दाखवावी लागणारच होती. पण खरं सांगायचं तर आरटीओ नंतर आठवलं. आधी डोळ्यापुढे आलं ते कुणाचं तरी अंगण, रिकामं. थोरला दोन गल्ल्या आमच्याशी बोलला नाही.

पुढच्या दुकानात उघडलेल्या सहा-सात स्प्लेंडर होत्या. एका हेडलाईटच्या काचेत वाळलेला गाळ. आम्ही बघतोय हे ओळखून म्हातारे चाचा म्हणाले, “कोकण का माल है, बाढ का.” पुरानंतर निकालात काढलेल्या गाड्या लिलावात घेतल्याची पावती त्यांनी न मागता दाखवली. आमच्याच गावच्या कुणाची असेल यातली एखादी. टाकी १,२०० ला, कार्ब्युरेटर ५०० ला, मडगार्ड २५० ला घेतलं. भाव फारसा केला नाही.

इंजिन आमचंच राहिलं. चिपळूणला लेथवर बोर मारून ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन घातला. नंबर केसवर, तो जागच्या जागी. क्रँकच्या बेअरिंगनी मात्र बजेट खाल्लं, वायरिंगनेही. एकूण १४,३०० झाले. नोंदणी नूतनीकरणाची फी त्याच एप्रिलपासून ३०० ची १,००० झालेली, ती वेगळी, वर पर्यावरण कर. तपासणीत साहेबांनी चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घेतला, इंजिन नंबर बॅटरी लावून वाचला आणि सही केली.

गाडी घरी आणून ओट्यापुढे चालू ठेवली. अम्मींनी दुआ पढून हँडलवर फुंकर घातली. अब्बा खुर्चीत मान कलती करून बराच वेळ ऐकत राहिले.

“टॅपिट वाजतंय,” ते म्हणाले. “इंजिन गार होऊ दे, मग सेट करा.”

थोरला पाना शोधायला आत गेला.